उसना आवाज, स्वतःचा आवाज : कन्नड अभिनेते-गायक डॉ. राजकुमार यांची पाच दशके

१.
१९९२ या वर्षाचा सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार एका चित्रपट-नायकाला मिळाला. त्यांचे वय तेव्हा त्रेसष्ट होते आणि दोनशेहून अधिक चित्रपट त्यांच्या नावावर होते. चित्रपट होता कन्नडमधील ‘जीवन चैत्र’. या पुरस्कारात एक विलक्षण विसंगती दडली आहे. याच नायकाच्या कारकिर्दीची पहिली वीस वर्षे, एखाददुसरा अपवाद सोडला तर, पडद्यावर ओठ त्यांचे हलत आणि गळा दुसऱ्याचा असे. डॉ. राजकुमार यांच्या कारकिर्दीवर हा थ्रेड.

२.
मराठी वाचकाला राजकुमार हे नाव बहुधा दोन बातम्यांमुळे ठाऊक असते : २००० साली वीरप्पनने केलेले अपहरण आणि २००६ साली त्यांच्या निधनानंतर बंगळूरमध्ये उसळलेला हिंसाचार. या दोन घटनांच्या मागे जे पन्नास वर्षांचे काम आहे, ते समजल्याशिवाय एका नटासाठी दोन राज्य सरकारे का हादरली, याचा उलगडा होत नाही. एका भाषेने आपला आवाज एका माणसाच्या गळ्यात कसा शोधला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा येथे मुख्य प्रश्न आहे.

३.
जन्म २४ एप्रिल १९२९, गाजनूर. मूळ नाव मुत्तुराज. हे गाव आज तमिळनाडूत, कर्नाटकाच्या सीमेला लागून आहे. त्या काळी हा सारा मुलूख मद्रास इलाख्याच्या कोइमतूर जिल्ह्यात मोडत असे. वडिलांचे सिंगनल्लूर गाव ज्या कोळ्ळेगाल तालुक्यातले, तो तालुका १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेत म्हैसूर राज्याला जोडला गेला; गाजनूर मात्र पलीकडेच राहिले. पुढे ज्यांना कन्नड अस्मितेचे प्रतीक मानले गेले, त्यांचे जन्मगाव राज्याच्या नकाशाबाहेर आहे. सीमाभागाचा इतिहास जाणणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही. भाषेची ओढ सरहद्दीवर अधिक तीव्र असते.

४.
वडील सिंगनल्लूर पुट्टस्वामय्या हे गुब्बी वीरण्णा यांच्या नाटक कंपनीतले नट होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्थापन झालेली ही फिरती कंपनी दक्षिणेतील सर्वांत वैभवशाली कंपन्यांपैकी एक होती. तिच्या भव्य देखाव्यांच्या आणि रंगमंचावर आणलेल्या हत्तींच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. मुत्तुराजचे शालेय शिक्षण प्राथमिक वर्गांतच सुटले. पुढची शाळा म्हणजे ही कंपनीच. पाठांतर, शब्दोच्चार, तालासुरात पद म्हणणे, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवणे, हे सारे तिथे शिकावे लागे. ध्वनिवर्धक सर्वत्र नसलेल्या त्या काळात ज्याला गाता येत नाही, त्याला प्रमुख भूमिका मिळणे कठीण होते.

५.
ही परंपरा मराठी रंगभूमीला परकी नाही. उत्तर कन्नड भागातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारात झाले. त्यांपासून प्रेरणा घेऊन विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ रंगवले. संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचे जन्मगाव गुर्लहोसूर आज कर्नाटकात आहे. गाणारा नट ही दोन्ही भाषांची समाईक मिळकत होती. महाराष्ट्रात बालगंधर्वांनी तिला शिखरावर नेले. कन्नडमध्ये तीच परंपरा गुब्बी कंपनीच्या मार्गाने चित्रपटात उतरली आणि तिचा सर्वांत मोठा वारस मुत्तुराज ठरला.

६.
कन्नड चित्रपटाचा आरंभही महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९३४ मध्ये प्रदर्शित झालेला ‘सती सुलोचना’ हा पडद्यावर आलेला पहिला कन्नड बोलपट. त्याचे चित्रण कोल्हापुरात झाले, कारण कन्नड मुलखात त्या वेळी तशी सोय नव्हती. पुढची कित्येक दशके कन्नड चित्रपट प्रामुख्याने मद्रासच्या स्टुडिओंत तयार होत राहिले. तंत्रज्ञ तिथले, चित्रणाच्या तारखा तिथल्या स्टुडिओंच्या सोयीने मिळणाऱ्या, भांडवलही बऱ्याच अंशी बाहेरचे. कन्नड प्रेक्षक होता, कलावंत होते. घर मात्र भाड्याचे होते.

७.
अशा काळात १९५४ मध्ये ‘बेडर कण्णप्प’ आला. दिग्दर्शक एच. एल. एन. सिंह. गुब्बी कंपनीच्या नाटकांतला मुत्तुराज नायक झाला आणि सिंहांनी त्याला ‘राजकुमार’ हे पडद्यावरचे नाव दिले. कथा दक्षिणेत सर्वपरिचित आहे : शिवाच्या मूर्तीच्या डोळ्यांतून रक्त वाहताना पाहून कण्णप्प हा व्याध स्वतःचे डोळे काढून देवाला वाहतो. चित्रपट लोकप्रिय झाला. त्याच्या तेलुगू आवृत्तीतही राजकुमार होते. कन्नडेतर भाषेत नायक म्हणून त्यांनी केलेला तो एकमेव चित्रपट. मागणी आणि पैसा असूनही त्यानंतर पन्नास वर्षे त्यांनी दुसऱ्या भाषेचा पडदा पाहिला नाही.

८.
‘बेडर कण्णप्प’मध्ये राजकुमारांसाठी गायले ते सी. एस. जयरामन हे तमिळ गायक. रंगभूमीवर पदे म्हणत वाढलेला नट पडद्यावर मुका आणि त्याची भक्ती परभाषक गळ्यातून प्रकटलेली! यात कोणाची लबाडी नव्हती. १९३५ नंतर भारतीय चित्रपटांत पार्श्वगायनाचे तंत्र रुळले आणि नट व गायक ही दोन स्वतंत्र कामे झाली. सैगल, नूरजहाँ, शांता आपटे यांची पिढी ओसरत होती. मद्रासच्या स्टुडिओंची शिस्त ठरलेली होती : गाणे गायकाने गावे, नटाने ओठ जुळवावेत.

९.
पुढे राजकुमारांचा ‘आवाज’ झाले पी. बी. श्रीनिवास. जन्माने आंध्रातील काकीनाड्याचे, मातृभाषा तेलुगू. त्यांच्या मृदू, खालच्या पट्टीत रेंगाळणाऱ्या गळ्याने कन्नड श्रोत्यांना मोहून टाकले. ‘भक्त कनकदास’ (१९६०) पासून सुमारे दीड दशक हा संयोग इतका एकजीव झाला की राजकुमारांचा खरा गाता आवाज कसा आहे, याची बहुसंख्य प्रेक्षकांना कल्पनाच नव्हती. ‘ओहिलेश्वर’ (१९५६) आणि ‘महिषासुरमर्दिनी’ (१९५९) या चित्रपटांत ते स्वतः गायले. पण ते प्रयोग तेवढ्यावरच थांबले.

१०.
१९६० च्या सुमारास कन्नड चित्रव्यवसाय संकटात होता. कामे थांबलेली, कलावंतांच्या हाताला रोजगार नाही. तेव्हा राजकुमार, जी. व्ही. अय्यर, नरसिंहराजू आणि बालकृष्ण यांनी कलावंतांचा संघ उभारला, राज्यभर नाटके केली आणि ‘रणधीर कंठीरव’ हा चित्रपट काढला. विषय होता सतराव्या शतकातील म्हैसूरचा राजा कंठीरव नरसराज वडियार. हाच तो काळ, जेव्हा आदिलशाही सेनापती रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे कर्नाटकाच्या मोहिमेवर होते आणि बंगळूर त्यांच्याकडे जहागिरीत आले. चित्रपट यशस्वी झाला. नट केवळ नोकर राहिला नाही, तो व्यवसायाचा आधार झाला.

११.
यानंतरची पौराणिक-ऐतिहासिक भूमिकांची रांग नीट पाहावी. ‘कित्तूर चेन्नम्मा’ (१९६१) मधला मल्लसर्ज, ‘इम्मडी पुलिकेशी’ (१९६७) मधला चालुक्य सम्राट, ‘श्रीकृष्णदेवराय’ (१९७०) मधला विजयनगरचा अधिपती, ‘मयूर’ (१९७५) मधला कदंब वंशाचा संस्थापक. १९५६ मध्ये म्हैसूर, मुंबई, हैदराबाद, मद्रास आणि कोडगू अशा पाच ठिकाणांहून तुकडे जोडून नवे राज्य झाले होते. ‘कर्नाटक’ हे नाव तर १९७३ मध्ये मिळाले. कित्तूरचा शेतकरी, हंपीचा मजूर आणि म्हैसूरचा कारकून यांना एकच भूतकाळ लागणार होता. तो पाठ्यपुस्तकाआधी पडद्यावर आला आणि त्या सगळ्या राजांचा चेहरा एकच होता.

१२.
इतिहासाच्या दृष्टीने हे चित्रपट काटेकोर नाहीत. ‘मयूर’ हा देवुडु नरसिंहशास्त्री यांच्या कादंबरीवर बेतलेला. तिच्या मुळाशी तालगुंदा शिलालेखातील मयूरशर्म्याची हकिकत आहे. कांचीत विद्येसाठी गेलेला ब्राह्मण पल्लव घोडेस्वाराशी झालेल्या कलहानंतर दर्भ टाकून शस्त्र हाती घेतो. शिलालेखात ती मोजक्या ओळींत येते, पडद्यावर ती स्वाभिमानाचे महाकाव्य होते. दुसऱ्या पुलकेशीचा ऐहोळे शिलालेख (इ. स. ६३४) तर त्याला नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी म्हणतो. तो राजा आजच्या कोणत्याही एका राज्याचा नव्हता. पण राज्ये नवी असतात तेव्हा पूर्वजांचीही वाटणी होते. भालजी पेंढारकरांच्या शिवकालीन चित्रपटांनी मराठी मनात जे केले, त्याच्याशी हे ताडून पाहण्याजोगे आहे.

१३.
याच काळात कन्नड चित्रपटसृष्टीने एक निर्णय घेतला, ज्याचे परिणाम अर्धशतक टिकले. इतर भाषांतील चित्रपट कन्नडमध्ये ध्वनिमुद्रित करून दाखवण्यास विरोध झाला. १९६० च्या दशकातील या चळवळीत लेखक अ. न. कृष्णराव यांच्यासारखी मंडळी होती, राजकुमारही होते. त्यामागचा युक्तिवाद असा की तमिळ-तेलुगूचे मोठ्या भांडवलाचे चित्रपट कन्नड आवाजात आले, तर कन्नड नटाला, लेखकाला, वादकाला काम उरणार नाही. कायदा झाला नाही, तरी व्यवसायाने ही बंदी पाळली. अखेर २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अशा अडवणुकीला स्पर्धाविरोधी ठरवले.

१४.
या बंदीचे मूल्यमापन सोपे नाही. तिच्यामुळे एक लहान उद्योग तगला, हे खरे. प्रेक्षकाला जगभरचे उत्तम चित्रपट स्वतःच्या भाषेत पाहता आले नाहीत, हेही खरे. ज्यांना अन्य भाषा येत होत्या, ते त्या भाषांतले चित्रपट पाहू लागले आणि मूळ उद्देशच काही अंशी पराभूत झाला. मराठीची वाट वेगळी झाली. हिंदी चित्रपटाची राजधानी मुंबईतच होती आणि मराठी प्रेक्षक हिंदी सहज समजत असल्याने संरक्षणाची भिंत उभारणे शक्यच नव्हते. एकाच काळात दोन शेजारी भाषांच्या चित्रपटांचे प्राक्तन इतके निराळे का झाले, याचे एक उत्तर येथे सापडते.

१५.
राजकुमार केवळ राजे आणि संतच रंगवत राहिले असते, तर १९७० नंतर टिकले नसते. १९६८ मध्ये ‘जेडर बले’तून ते गुप्तहेर झाले, त्याच मालिकेतला ‘गोवादल्ली सीआयडी ९९९’ नवमुक्त गोव्याच्या पार्श्वभूमीवर रंगला. मग कादंबऱ्यांकडे मोर्चा वळला. टी. के. रामराव यांच्या कादंबरीवरील ‘बंगारद मनुष्य’ (१९७२) मध्ये नायक शहराची वाट सोडून खडकाळ माळरान लागवडीखाली आणतो. बंगळूरच्या एका चित्रपटगृहात तो सुमारे दोन वर्षे चालला. हरितक्रांतीच्या त्या दिवसांत तो पाहून सुशिक्षित तरुण गावी परतल्याच्या आठवणी कन्नड समाजात सांगितल्या जातात. ‘गंधद गुडी’ (१९७३) ने वनरक्षणाचा विषय लोकप्रिय चित्रपटात आणला.

१६.
आणि मग १९७४. ‘संपत्तिगे सवाल’ हा उत्तर कर्नाटकातील नाटककार पी. बी. धुत्तरगी यांच्या नाटकावरचा चित्रपट. गाण्याच्या वेळी पी. बी. श्रीनिवास यांची प्रकृती ठीक नव्हती आणि संगीतकार जी. के. वेंकटेश यांनी राजकुमारांनाच गायला लावले, अशी आठवण सर्वत्र सांगितली जाते. म्हशीच्या पाठीवर बसून गावरान नायकाने म्हटलेले ते खट्याळ गाणे. शास्त्रोक्त मैफलीचा तिथे प्रश्नच नव्हता. हवा होता तो नाटक कंपनीतला खणखणीत, मोकळा गळा. तो वीस वर्षे बाजूला ठेवलेला होता. गाणे कमालीचे गाजले. नायक पंचेचाळीस वर्षांचे होते.

१७.
वयाच्या ज्या टप्प्यावर गायकाचा आवाज बसू लागतो, त्या टप्प्यावर राजकुमारांनी पार्श्वगायन सुरू केले आणि पुढची पाव शतक बहुतेक सर्व चित्रपटांत स्वतःची गाणी स्वतः म्हटली. प्रेमगीत, भक्तिगीत, लावणीच्या ठेक्याकडे झुकणारे लोकगीत, सारे काही. ‘ऑपरेशन डायमंड रॅकेट’ (१९७८) मध्ये तर प्राथमिक शाळेतूनच बाहेर पडलेल्या या नटाने इंग्रजी गाणे म्हटले आणि आजची पिढी ते मौजेने ऐकते. ‘सनादी अप्पण्ण’ (१९७७) मध्ये ते सनईवादक झाले. सनई होती उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची. जिथे गळा आपला नसेल, तिथे तो भारतातला सर्वोत्तम असावा, एवढी जाण त्या नाटक कंपनीच्या शाळेने दिलेली होती.

१८.
यात एक अप्रिय बाजूही आहे, ती लपवू नये. या बदलाने पी. बी. श्रीनिवास यांचे कन्नडमधील काम ओसरले. एका कलावंताने स्वतःचा आवाज परत मिळवला, तेव्हा दुसऱ्याने आपली हक्काची जागा गमावली. दोघांनी एकमेकांविषयी जाहीरपणे आदरच व्यक्त केला. राजकुमार स्वतःला शरीर आणि श्रीनिवासांना आवाज मानत असल्याचे सांगितले जाते. पण चित्रपट हा व्यवसाय आहे आणि व्यवसायात जागा मोजक्या असतात.

१९.
१९७५ च्या ‘त्रिमूर्ती’पासून निर्मितीची सूत्रे पत्नी पार्वतम्मा यांनी हाती घेतली. कथेची निवड, आर्थिक व्यवहार, वितरण या सर्वांवर त्यांची पकड होती. एका स्त्रीने त्या काळात इतक्या मोठ्या प्रमाणावर चित्रनिर्मिती चालवणे दुर्मीळ होते. मात्र यातून एक अख्खी चित्रपटसृष्टी एका घराभोवती फिरू लागली, अशी टीकाही झाली. त्याच सुमारास ‘संस्कार’ (१९७०) आणि ‘चोमन दुडी’ (१९७५) या कन्नड चित्रपटांनी सुवर्णकमळ मिळवले. गिरीश कार्नाड, बी. व्ही. कारंत यांचा हा प्रवाह राजकुमारांच्या मार्गाने गेला नाही. कन्नड समाजाला दोन्ही लागले : एकाने प्रश्न विचारले, दुसऱ्याने धीर दिला.

२०.
पडद्यावरचा प्रभाव रस्त्यावर उतरला तो १९८२ मध्ये. माध्यमिक शाळेत पहिली भाषा कोणती असावी, या वादावर साहित्यिक वि. कृ. गोकाक यांच्या समितीने १९८१ मध्ये अहवाल दिला आणि कन्नडला एकमेव प्रथम भाषेचे स्थान द्यावे असे सुचवले. धारवाडच्या लेखक-प्राध्यापकांनी अंमलबजावणीसाठी आंदोलन छेडले. पण ते सभागृहांपुरते राहिले होते. राजकुमार त्यात उतरले आणि गावोगावच्या सभांना अफाट गर्दी लोटली. गुंडूराव सरकारला झुकावे लागले. १९८३ च्या निवडणुकीत काँग्रेसने राज्यातली सत्ता प्रथमच गमावली. त्यामागे इतरही कारणे होती, पण या आंदोलनाचा वाटा नाकारता येत नाही.

२१.
हेच आंदोलन बेळगावच्या मराठी घरातून वेगळे दिसत होते. राज्यात बहुसंख्य असूनही शाळेत दुय्यम ठरलेल्या कन्नडला न्याय मिळावा ही मागणी रास्त होती. पण एकाची मातृभाषा अनिवार्य झाली की दुसऱ्याची मातृभाषा ऐच्छिक होते. मराठी, उर्दू, तमिळ भाषक अल्पसंख्याकांनी विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि प्राथमिक वर्गांपासूनची सक्ती मूळ स्वरूपात टिकली नाही. महाराष्ट्रातील भाषेच्या वादांकडे पाहतानाही ही दुहेरी नजर उपयोगी पडते. प्रत्येक भाषा कुठे ना कुठे बहुसंख्य असते आणि कुठे ना कुठे अल्पसंख्य.

२२.
तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन १९७७ मध्ये आणि आंध्रात एन. टी. रामाराव १९८३ मध्ये मुख्यमंत्री झाले. राजकुमारांची लोकप्रियता त्या तोडीची होती. तरी त्यांनी पक्ष काढला नाही, निवडणूक लढवली नाही. चाहत्यांना ते ‘अभिमानी देवरु’ म्हणजे चाहतेरूपी देव म्हणत. चाहते त्यांना ‘अण्णावरु’ म्हणत. आपल्याकडचे ‘अण्णा’ आणि हे ‘अण्णा’ एकच. सत्ता नाकारल्याने त्यांचा नैतिक अधिकार वाढला. पण ज्या अधिकाराला पद नसते, त्याला उत्तरदायित्वही नसते आणि त्याच्या नावाने कोण काय करील यावर कोणाचाच अंकुश राहत नाही. पुढच्या घटनांत हे दिसून आले.

२३.
३० जुलै २०००. गाजनूरच्या शेतघरातून चंदनतस्कर वीरप्पनने राजकुमारांना पळवून नेले. सोबत जावई आणि आणखी दोघे. वय ७१. मागण्या केवळ खंडणीच्या नव्हत्या. कावेरीच्या पाण्याचा प्रश्न, कर्नाटकात तमिळला स्थान, बंगळूरमध्ये झाकून ठेवलेल्या तिरुवळ्ळुवर पुतळ्याचे अनावरण आणि टाडाखाली अटकेत असलेल्यांची सुटका. दोन भाषांमधले सगळे जुने तंटे एका वृद्ध नटाच्या जिवाला बांधले गेले. बंगळूरची चित्रपटगृहे बंद पडली, शहरातील तमिळ वस्त्या भीतीच्या छायेत गेल्या. दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री, एस. एम. कृष्णा आणि एम. करुणानिधी, मध्यस्थ म्हणून ‘नक्कीरन’चे संपादक आर. आर. गोपाल यांना जंगलात पाठवत राहिले.

२४.
सरकारे टाडाचे खटले मागे घेण्यास तयार झाली, तेव्हा एक म्हातारा बाप सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला. त्याचा पोलीस अधिकारी मुलगा वीरप्पनच्या टोळीकडून मारला गेला होता. एका प्रसिद्ध माणसाच्या सुटकेसाठी असंख्य अप्रसिद्ध बळींचा न्याय विकता येईल काय, हा त्याचा प्रश्न होता. न्यायालयाने नोव्हेंबर २००० मध्ये सरकारांना फटकारले आणि खटले मागे घेण्यास नकार दिला. १०८ दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, राजकुमार सुटले. त्यांच्या चरित्रात या याचिकाकर्त्याला सहसा जागा मिळत नाही. ती मिळायला हवी.

२५.
१२ एप्रिल २००६ रोजी बंगळूरच्या राहत्या घरी हृदयविकाराने राजकुमार यांचे निधन झाले. अंत्यदर्शनाची व्यवस्था कोलमडली, जमाव अनावर झाला, बस आणि वाहने जाळली गेली, गोळीबार झाला. किमान आठ माणसे मेली. त्यांत जमावाने ठार मारलेला एक पोलीसही होता. माहिती-तंत्रज्ञानाची राजधानी म्हणून जगात मिरवणाऱ्या शहरात हे घडले. त्या शहराच्या काचेच्या इमारतींत कन्नडला फारसे स्थान नव्हते आणि जो एकच आवाज आपला वाटत होता, तोही गेला, अशी त्या संतापाची एक मीमांसा केली जाते. मीमांसा म्हणजे समर्थन नव्हे. मेलेल्यांच्या घरांत त्या दिवसाला वेगळे नाव आहे.

२६.
पद्मभूषण (१९८३), कर्नाटक रत्न (१९९२), १९९५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, म्हैसूर विद्यापीठाची १९७६ मधली मानद डॉक्टरेट : सन्मानांची यादी मोठी आहे. तिच्यात ‘जीवन चैत्र’च्या गाण्याचा पुरस्कार वेगळा उठून दिसतो. बाकी सन्मान त्यांच्या प्रतिमेला, पदाला, वयाला मिळाले असे कोणी म्हणू शकेल. हा एक मात्र गळ्याला मिळाला. गुब्बी कंपनीच्या तंबूत घडलेला, मद्रासच्या ध्वनिमुद्रण-कक्षाबाहेर वीस वर्षे थांबलेला तो गळा होता.

२७.
इतिहासाच्या अभ्यासात नटांना सहसा तळटीप मिळते. पण भाषावार राज्ये कायद्याने निर्माण झाली तरी ती लोकांच्या मनात कशी रुजली, हे शोधायचे तर विधिमंडळाच्या कामकाजाइतकेच चित्रपटगृहांकडे पाहावे लागते. राजकुमार यांची पाच दशके त्या रुजण्याची गोष्ट सांगतात आणि त्याच रुजण्यातून निघालेल्या काट्यांचीही.

२८.
निधनानंतर त्यांचे नेत्रदान झाले. तसा संकल्प त्यांनी आधीच जाहीर केला होता. त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरणाऱ्यांची रीघ लागली. १९५४ मध्ये पडद्यावरच्या कण्णप्पाने देवाला डोळे दिले होते. २००६ मध्ये राजकुमारांचे डोळे ज्यांना मिळाले, ती दोन साधी माणसे होती. दंगलीच्या बातम्यांत ही बातमी लहान अक्षरांत आली होती.

(थ्रेड समाप्त)